खुर्ची विणणाऱ्याची झोप

कोणत्याही खुर्चीत बसायच्या आधी काका तिच्या बैठकीवर तळहात फिरवत. गायीच्या पाठीवरून फिरवावा तसा, सावकाश, मागून पुढे. मग त्या खुर्चीत रोज बसणाऱ्या माणसाबद्दल एखाददुसरं वाक्य बोलत आणि मगच बसत.

"हे साहेब डाव्या अंगावर कलते. उजव्या खिशातलं पाकीट जाड हाय."

"या बाई खुर्चीत बसत नाईत, टेकतात. घरी जायची घाई."

ज्यांच्याबद्दल हे चाललेलं असे, ते बहुधा समोरच उभे असत. काकांना दिसत नव्हतं. चार वर्षांचे असताना गोवर आला आणि दोन्ही डोळे घेऊन गेला. उजेड आणि अंधार एवढा फरकही त्यांना कळत नव्हता. पण वेताची खुर्ची बसणाऱ्याचा सगळा स्वभाव लिहून ठेवते, आणि तो वाचायला डोळे लागत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. तुम्हीही एखाद्या जुन्या कचेरीत गेलात तर बघा. झोल मधोमध आहे की एका बाजूला, पट्ट्या पुढच्या कडेला तुटल्यात की मागच्या. आपण बघतो आणि विसरतो. काका विसरत नसत, आणि दुसऱ्यालाही विसरू देत नसत.

मी तेव्हा वर्ध्याच्या एका दवाखान्यात, झोपेची तपासणी करतात त्या खोलीत तंत्रज्ञ म्हणून नुकतीच लागले होते. जामजवळच्या आमच्या खेड्यात वडील शेती करतात. घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. रात्री लोकांच्या डोक्याला तारा लावायच्या आणि ते कसे झोपतात ते बघायचं, याचा पगार मिळतो, हे माझ्या आईला अजूनही पुरतं पटलेलं नाही. मलाही तेव्हा नोकरी हातातून निसटेल अशी सारखी भीती वाटायची.

काका आमच्या विभागाच्या खुर्च्या विणायला आले. व्हरांड्यात त्यांनी बादली ठेवली, वेत भिजत घातला आणि एकेक खुर्ची ओढून घेत तपासायला सुरुवात केली. पहिली आमच्या डॉक्टरांची.

"डॉक्टर लोकायच्या झोपेचं पाह्यते, पण स्वतः झोपत नाई. मागची कड पाहा. रातच्याले या खुर्चीतच पसरते."

डॉक्टर दारातच उभे होते. हसले, कारण ते खरं होतं. मग काकांच्या हाताला माझी खुर्ची लागली.

"ही कोणाची?"

"माझी आहे."

त्यांनी दोनदा हात फिरवला. "हिच्यावर त कोणी बसतच नाई. वेत नव्या नवरीवानी हाय."

खरं होतं. डॉक्टरांसमोर बसायचं कसं, म्हणून मी तीन महिने उभ्यानंच काम करत होते. ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

"काका, आपण कृपया बाकीच्या खुर्च्या आधी कराव्यात, ही दुरुस्त करण्याची आवश्यकता नाही," मी म्हणाले.

"पुस्तकावानी काऊन बोलून राह्यल्या मॅडम? गाव कोणतं?"

"जामजवळचं."

"मंग जामवानी बोला. आन हिले इणाची गरज नाई. हिच्यावर बसाची गरज हाय."

त्या दिवसापासून मी बसू लागले.

तिसऱ्या दिवशी दुपारी काका अर्धवट विणलेल्या खुर्चीवर डोकं ठेवून गाढ झोपलेले सापडले. वेताची ओली पट्टी हातात तशीच. आमच्या शिपायानं इकडेतिकडे पाहिलं आणि वाकून त्यांच्या तोंडाचा वास घेतला. काका हलले नाहीत. फक्त बोलले.

"काय निंघालं? मायी बायको तीस वर्षांपासून वास घेऊन राह्यली, तिले काईच सापडलं नाई. तुले सापडलं त सांगजो."

शिपाई पळाला. पण डॉक्टरांनी हे ऐकलं होतं. त्यांनी माझी खुर्ची ओढली आणि काकांसमोर बसले. झोप रोजच अशी दुपारी येते का, त्यांनी विचारलं.

"रोज नाई ना साहेब. तेच त भानगड हाय. पंधरा-वीस दिवस रातच्याले येते, चांगल्या माणसावानी. मंग हळूहळू सरकते. मंग दिवसा येते, आन रातभर मी घुबड. पुन्हा सरकत सरकत रातीले. माया झोपेले घरचा पत्ता सापडत नाई."

मग हसत हसत त्यांनी खरी अडचण सांगितली. वर्ध्यातल्या एका मोठ्या कचेरीत वेताच्या बहात्तर खुर्च्या होत्या. बाकी सगळ्या कचेऱ्यांनी प्लास्टिकच्या घेतल्या होत्या, म्हणून काकांच्या हाताला उरलेलं मोठं काम तेवढंच. दोन वेळा त्यांनी ते अर्धवट सोडलं होतं, कारण दिवसा डोळा लागायचा. घरी नेऊन रात्री विणीन म्हटलं, तर सरकारी खुर्ची बाहेर जाऊ शकत नाही. आता नव्या साहेबांनी सांगितलं होतं की ही शेवटची संधी. दहा ते पाच कचेरीत बसून काम करायचं. एकदा जरी झोपलेला सापडला, तर सगळ्या खुर्च्या लिलावात आणि प्लास्टिकच्या आत.

"प्लास्टिकची खुर्ची काई बोलत नाई," काका म्हणाले. "तिच्यावर हात फिरवून काय करू?"

एवढं बोलून त्यांनी हातातली ओली पट्टी बादलीत टाकली.

डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, की प्रत्येकाच्या डोक्यात एक घड्याळ असतं. बहुतेकांचं रोज थोडं मागे पडतं. सकाळचा उजेड डोळ्यांतून आत जातो आणि ते पुन्हा लावून देतो. ज्यांना उजेडच पोचत नाही, त्यांच्यातल्या पुष्कळांचं घड्याळ मागे पडतच राहतं. "तुमचं घड्याळ चांगलं आहे, काका. फक्त ते रोज लावणारं कोणी नाही."

"म्हणजे मी आळशी नाई?"

"नाही."

"हे जरा लिहून द्या. घरी दाखवाचं हाय."

डॉक्टरांनी खरंच लिहून दिलं.

झोपेची नोंद ठेवायला आमच्याकडे छापील तक्ता होता. दिवसाचे चोवीस चौकोन, झोपलात तो चौकोन काळा करायचा, रोजची एक ओळ. नियम म्हणजे नियम, म्हणून मी तो तक्ता आणि एक पेन काकांच्या हातात दिला, आणि कसा भरायचा ते पाच मिनिटं नीट समजावलं. काकांनी मान डोलावत ऐकून घेतलं. कागद पालथा केला, सुलटा केला, बोटानं कड चाचपली आणि परत दिला.

"घ्या. भरून देल्ला."

मी पाहिलं. "काका, हा कोराच आहे."

"मले दिसला तसा भरला."

मला भुईत शिरावंसं वाटलं. आंधळ्या माणसाला पेन देताना माझा हात जरासुद्धा अडला नव्हता. पण काका माझ्यावर रागावले नाहीत. उलट दुसऱ्या दिवशी एका मोडक्या खुर्चीची पाठ काखेत मारून आले. चौकटीत चोवीस पट्ट्या उभ्या ताणलेल्या.

"हे चोवीस तास. रोज येक आडवी पट्टी. जेवढे तास झोपलो तेवढ्याच्या वरून नेईन, जेवढे जागलो तेवढ्याच्या खालून."

"पण किती वाजले ते कसं कळन तुमाले?" मी विचारलं. माझी भाषा एव्हाना जामपर्यंत पोचली होती.

त्यांनी खिशातला मोबाइल दाबला. त्यातल्या बाईनं वेळ सांगितली. "येक बाई घरात, येक खिशात. खिशातली इचारल्यावरच बोलते."

महिन्याभरानं काका ती चौकट घेऊन पवनारच्या घरून आले, तेव्हा घरातली बाईही बरोबर होती. काकू अंगानं बारीक, आवाजानं मोठ्या, निंदणाला जाऊन हातांना घट्टे पडलेले. डॉक्टरांनी चौकट मांडीवर घेतली आणि काही न बोलता डोळे मिटून हात फिरवला. मग माझ्याकडे दिली. "डोळे मिट आणि बघ."

झोपेचा उंचवटा पहिल्या ओळीत डावीकडे होता. दुसऱ्या ओळीत जवळजवळ एक पट्टी उजवीकडे. तिसऱ्या ओळीत आणखी एक. खालपर्यंत जिना उतरावा तसा तो उंचवटा तिरपा गेला होता, उजव्या कडेवरून पडला होता आणि डावीकडून पुन्हा आत आला होता. पुस्तकात मी हीच आकृती पाठ केली होती आणि परीक्षेत काढलीही होती. ती बोटांना लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"हे मले पंधरा दिवसांतच समजलं," काका म्हणाले. "म्हटलं, इण चुकली का काय? मंग ध्यानात आलं, इण बरोबर हाय, माणूसच तिरपा हाय."

"हे त आमाले पयलेच मालूम होतं," काकू पुढे सरसावल्या. "अमोशेले बिघडते, पुनवेले सुधरते. चंद्राची बाधा हाय. केळझरच्या गणपतीले दर महिन्याले नारळ देऊन राह्यली मी."

"अर्धे नारळ मीच खातो साहेब. रातभर जागाचं म्हणजे भूक लागते."

डॉक्टर हसले नाहीत. काकूंनी बरोबर आणलेलं कॅलेंडर त्यांनी मागून घेतलं आणि ओळी मोजल्या. काकांच्या घड्याळाची फेरी साधारण महिन्याची होत होती, आणि चंद्राचीही तेवढीच. दोन बैल शेजारून चालतात म्हणून एक दुसऱ्याला ओढतो असं होत नाही, असं त्यांनी सांगितलं. काही महिने दोन्ही जमत असतील, काही महिने नसतीलही.

"ज्या महिन्यात जमलं नाही, तेव्हा तुम्ही काय म्हणत होता?" त्यांनी काकूंना विचारलं.

"पंचांग चुकलं असन, म्हणत होती."

काकांनी चौकटीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "बिचाऱ्याले तीस वर्षं उगाच शिव्या देल्ल्या. मी त त्याले पाह्यलंही नाई."

उपाय सांगायला सोपा होता. अंधार पडला की शरीर स्वतःच एक द्रव्य तयार करतं, त्याचीच बारीक गोळी. रोज रात्री ठीक नऊ वाजता घ्यायची. एकही दिवस चुकवायची नाही, आणि थांबवायची नाही. सुरुवात मात्र झोप रात्रीच्या जागेवर येईल त्या चांगल्या दिवसांतच करायची, म्हणजे ती तिथे धरून ठेवता येईल. ही झोपेची गोळी नाही, ही घड्याळ लावायची गोळी आहे. मी हे सगळं दोनदा सांगितलं. काकांनी दोनदा मान डोलावली.

पुढच्या दीड महिन्यात चौकटीवरची रेघ जशीच्या तशी तिरपी राहिली.

डॉक्टर गोंधळले. गोळी बदलावी का, याचा विचार करू लागले. तेवढ्यात कचेरीतून निरोप आला, की सोमवारपासून काम सुरू करा, नाहीतर लिलावाचा कागद तयार आहे. चौकटीच्या हिशेबानं तो सोमवार बरोबर वाईट दिवसांत येत होता. काका पहिल्याच दुपारी झोपले असते. मी रविवारी सकाळची बस धरून पवनारला गेले.

काकूंनी चहा टाकला आणि मी विचारल्यावर गोळ्यांचा डबा आनंदानं समोर ठेवला. जवळजवळ भरलेला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर अमावास्येच्या आगेमागे चार-चार दिवसांना त्यांनी काजळानं टिकल्या लावल्या होत्या.

"काकू, गोळी रोज द्याची होती ना?"

"चांगल्या माणसाले गोळी काऊन द्याची? पुनवेले थे बरोबर झोपतात. तवा देल्ली असती त अमोशेले काय देल्लं असतं? मी बरोबर वाचवून ठेवल्या."

मी काकांकडे वळले. "तुमाले त माहीत होतं."

"होतं. पण तुमी दवाखान्यात राहता, हे घरात राह्यते. दोघायतून येकाचंच ऐकाचं होतं."

पुस्तकातले सगळे शब्द मी दवाखान्यात वापरून संपवले होते. माझ्या आईला हे कसं सांगितलं असतं, एवढाच विचार मी केला.

"काकू, गाय कवा बांधता? पळाल्यावर का गोठ्यात असताना?"

"गोठ्यात असताना. पळाल्यावर कशी बांधन?"

"मंग? पुनवेले यायची झोप गोठ्यात असते. तवाच दावं बांधाचं, आन रोज बांधाचं. अमोशेले थे सुटून जामच्या चौकात पोचलेली असते. तिथं गोळी दाखवून काय उपयोग?"

काकू उठल्या. मग पदरानं कॅलेंडरवरच्या टिकल्या पुसायला लागल्या. "असं सांगाचं होतं ना व आधी. म्हणजे यायले रोज रातच्याले बांधू."

"तीस वर्षं बांधूनच ठेवलं हाय," काका आतून म्हणाले.

गाय समजली, पण सोमवार तसाच होता. गोळी आत्ता सुरू करून उपयोग नव्हता. झोप फिरून रात्रीवर यायला अजून पंधरा दिवस हवे होते. मी डॉक्टरांकडून रीतसर पत्र लिहून घेतलं. आजाराचं नाव, कारण, उपाय, सगळं व्यवस्थित. सोमवारी सकाळी सुट्टी टाकून काकांबरोबर कचेरीत गेले आणि साहेबांसमोर पत्र ठेवलं. मला वाटत होतं की शास्त्रानं लिहिलेलं पत्र वाचलं, की कोणीही समजूतदार माणूस हो म्हणेल.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. मग फाइलला लावलं.

"म्हणजे हे आजारी आहेत. असं लेखी आहे. आजारी माणसाला मी काम कसं देऊ? उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

काकांची शेवटची संधी मी माझ्या हातानं, शिक्क्यासकट घालवली होती. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण काकांनी माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली.

"मॅडम शिकलेल्या हायेत साहेब, त्यायले कागद लागते. मी त आज काम सुरू कराले तयार हाव. बादली आणली हाय. फक्त येक इचारतो. पयली खुर्ची तुमचीच घ्यावी लागन, मानाची म्हणून. आन उद्या अमोशा. अमोशेच्या तोंडावर साहेबाच्या खुर्चीची बैठक उसवून ठेवू नाई म्हणतात. माया काई जात नाई. खुर्ची तुमची हाय."

साहेबांनी मान वळवून भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. जाग्यावरून उठले, जवळ जाऊन पाहिलं.

"पौर्णिमा पंधरा दिवसांनी आहे," ते म्हणाले. "पौर्णिमेला सुरू करा. आणि हे मी सांगतोय, तुम्ही मागितलं नाही." त्यांनी लाल पेनानं तारखेभोवती गोल केला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "असं खरंच म्हणतात का, काका?"

"आत्ताच म्हटलं ना मी."

मी दवाखान्यात परत येऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. ज्या चंद्राला आम्ही इतक्या कष्टानं निर्दोष सोडवलं होतं, त्यालाच काकांनी कामाला लावलं होतं. डॉक्टर म्हणाले, पत्राची प्रत फाडून टाक.

गोळी चांगल्या दिवसांत सुरू झाली आणि काम पौर्णिमेला. काकू नऊच्या ठोक्याला पाण्याचा पेला घेऊन उभ्या राहत. "चला, दावं बांधू," म्हणत. पहिले पंधरा दिवस काका सकाळी दहाला कचेरीत आणि पाचला पवनारच्या बसमध्ये. पण ते पंधरा दिवस एरवीही चांगलेच गेले असते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

कचेरीत मात्र वेगळाच गोंधळ उडाला होता. काका खुर्च्या वाचतात ही बातमी पसरली होती. एका बाबूनं आपली खुर्ची द्यायच्या आधी शेजारच्याच्या खुर्चीशी बदलली. काकांनी हात फिरवला आणि म्हणाले, "ही खुर्ची त तुमची नाई. हिच्यावरचा माणूस काम करते." तिजोरीजवळच्या बाईंनी आपली खुर्ची आणून विचारलं, "माझी काय म्हणते?" काका म्हणाले, "म्हणते, पाठ दुखते. उशी घ्या." त्या बाईंनी नंतर त्यांना रोज डब्यातली भाजी दिली.

साहेबांच्या खुर्चीबद्दल सगळ्यांनी विचारलं. काकांनी कोणालाच सांगितलं नाही. मला एकटीला सांगितलं, आणि तेही बसथांब्यावर. "साहेब मांगं टेकतच नाई. पुढच्या कडेवर बसते. वरच्याचा फोन येईन म्हणून. लय भेते बिचारा."

मग अमावास्या आली. तो दिवस मी मुद्दाम मोकळा ठेवला होता. दुपारी तीनच्या सुमाराला मी कचेरीच्या मोठ्या दालनात शिरले, आणि दारातच थांबले. काका जमिनीवर मांडी घालून बसले होते. समोर उलटी खुर्ची. मान खाली. दोन्ही हात मांडीवर, आणि हात चालत नव्हते.

"झोपला," कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं. खुर्ची बदलणारा बाबू साहेबांच्या खोलीत जाऊनही आला. साहेब बाहेर आले. मागोमाग चार-पाच जण. मला काकांना हलवून जागं करावंसं वाटत होतं, आणि तसं करणं म्हणजे कबुली दिल्यासारखं होतं. मी जागची हलले नाही.

"काय हो काका?" साहेब म्हणाले.

साहेब दोन पावलं पुढे आले.

"काका." या वेळी मोठ्यानं.

काकांनी मान वर न करता एक बोट उचललं. "थांबा साहेब. मोजून राह्यलो."

"काय मोजताय?"

"त्या कपाटाच्या मांगं कोणीतरी घोरून राह्यलं. येका मिनटात चौदा. मले आधी वाटलं, मीच हाव. म्हणून काम थांबवून नीट आयकलं. मी नाई."

सगळे कपाटामागे गेले. बढती अगदी तोंडावर आलेले मोठे बाबू, पाय एका गठ्ठ्यावर टाकून, परवाच विणून झालेल्या खुर्चीत शांत झोपलेले होते. साहेबांचा चेहरा लाल झाला. ते काही बोलणार, तेवढ्यात काका उठून चाचपत तिथे पोचले.

"रागावू नका साहेब. त्यायची चूक नाई. मी इणलेली खुर्ची हाय, माणूस झोपनच."

आधी कोण हसलं ते मला आठवत नाही. साहेबही हसले, एवढं आठवतं. मोठे बाबू जागे झाले आणि सगळे का हसतात ते न कळून तेही हसले.

त्या संध्याकाळी काकांनी चौकट दवाखान्यात आणून दिली. मी डोळे मिटून हात फिरवला. वरचा जिना एका ठिकाणी थांबला होता, आणि तिथून खाली उंचवटा सरळ उतरत होता, भिंतीसारखा. शेवटच्या ओळीपर्यंत मी बोट नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय?" मी चौकटच त्यांच्या हातात दिली.

"आता निंघतो घरी," काका म्हणाले. "नऊले मले दावं बांधाचं हाय."

मध्ये एकदा नात्यातल्या लग्नाला जाताना काकू गोळ्या घरी विसरल्या. चार रात्री चुकल्या आणि रेघ लगेच थोडी कलली. त्यानंतर काकूंनी एक पाकीट कमरेच्या चंचीत कायमचं ठेवलं. बहात्तर खुर्च्या पावसाळ्याच्या आधी झाल्या. लिलावाचा कागद साहेबांनी रद्द केला की नुसताच फाइलमध्ये खाली सरकवला, ते मला माहीत नाही.

पुढच्या वर्षी मला नागपूरला चांगली जागा मिळाली. डॉक्टरांनीच अर्ज लिहायला लावला होता. निघण्याआधी काकांचा निरोप घ्यावा म्हणून मी एका सकाळी पवनारला गेले. अकरा वाजले असतील. काकू अंगणात तूर वाळत घालत होत्या. मला पाहून त्यांनी हात पुसले, पाणी दिलं, बसायला सतरंजी टाकली.

"काका?"

"घरी नाईत."

हे शब्द त्यांनी इतके सावकाश म्हटले, की मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हिंगणघाटच्या एका कचेरीत चाळीस खुर्च्या निघाल्या होत्या, काका सकाळच्या बसनं गेले होते. काकूंनी मला सांगितलं, की लग्न होऊन या घरात आल्यापासून दिवसा कोणीही दारात आलं, की आवाज खाली करून 'झोपले हायेत' म्हणावं लागे. मग येणारा माणूस त्यांच्याकडे कसा बघे, तेही सांगितलं. पाहुणा, पोस्टमन, सगळे तसेच बघत.

आम्ही बोलत असतानाच कुंपणापलीकडून शेजारच्या म्हातारबांनी हाक दिली. त्यांना खाट दाखवायची होती. "हायेत का व घरात?"

काकू उभ्या राहिल्या. आणखी तीन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नाई हो बाप्पा. संध्याकाळी या. दिवसा आले त भेट होत नाई त्यायची."